अब्दुस सलाम: आपल्या तक्त्यावर नसलेलं नाव

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, उर्दू शाळांमध्ये एक तक्ता हमखास लागतो. 'मुस्लिम सायन्सदां.' त्यावर अल-ख्वारिज्मी असतात, इब्न अल-हैसम, अल-बिरूनी, इब्न सीना असतात. मग एकदम नऊशे वर्षांची उडी, आणि थेट आपले डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. मी नागपुरात उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान माझा विषय नाही. पण अक्षर बरं म्हणून हा तक्ता लिहायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं, आणि लिहिताना ती नऊशे वर्षांची रिकामी जागा दरवर्षी डोळ्यांत खुपते.

त्या जागेत बसणारी नावं शोधली तर सापडतात. सगळ्यात ठळक नाव आहे प्रोफेसर अब्दुस सलाम यांचं. १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल. त्यांचं नाव तक्त्यावर का नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे आणि कुणी ते मोठ्याने बोलत नाही. सलाम अहमदिया जमातीचे होते. ते स्वतःला मुसलमान म्हणवत. पाकिस्तानच्या राज्यघटनेने १९७४ साली सांगितलं की ते मुसलमान नाहीत, आणि आपल्याकडच्या बहुतेक उलेमांचंही मत वेगळं नाही. अकीद्याचा हा प्रश्न सोडवणं माझ्या पात्रतेबाहेरचं आहे, मी त्यात पडत नाही. मला इतिहास सांगायचा आहे. आणि या इतिहासाचं एक टोक कोल्हापूर जिल्ह्यात येऊन पोहोचतं, म्हणून तो मराठीतच सांगायला हवा.

इटलीत समुद्रकिनारी त्रिएस्ते नावाचं शहर आहे. तिथे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं एक आंतरराष्ट्रीय केंद्र आहे, आयसीटीपी. ते सलाम यांनी १९६४ साली उभं केलं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९७ पासून, केंद्राच्या पाटीवर त्यांचं नाव आहे. २०१९ च्या नोव्हेंबरपासून या केंद्राच्या संचालकपदावर आहेत अतीश दाभोलकर. मूळ गाव गारगोटी. हो, तेच दाभोलकर. नरेंद्र दाभोलकर त्यांचे काका.

आता मागे जाऊ. सलाम यांचा जन्म २९ जानेवारी १९२६ चा, बालपण पंजाबातल्या झंगमधलं. वडील शिक्षण खात्यात नोकरीला. चौदाव्या वर्षी मॅट्रिकला पंजाब विद्यापीठात पहिले आले, तेही आधीचे सगळे विक्रम मोडून. पुढे लाहोरला गणित. तिथे त्यांना गणित शिकवणाऱ्यांत अनिलेंद्र गांगुली नावाचे बंगाली प्राध्यापक होते. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येईल. १९४६ साली सलाम यांना केंब्रिजला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. युद्धासाठी पंजाबात गोळा केलेल्या निधीतले पैसे उरले होते, त्यातून लहान शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशी पाठवायचं ठरलं होतं. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि ती योजना बुडाली. म्हणजे एक वर्ष उशीर झाला असता तर हा मुलगा झंगमध्येच राहिला असता. जहाज पकडलं ते मुंबईहून. लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरले तेव्हा थंडीने कुडकुडत होते, तिथे भेटलेल्या सर जफरुल्ला खान यांनी आपला जाड कोट या अनोळखी विद्यार्थ्याला दिला.

केंब्रिजमध्ये गणित आणि भौतिकशास्त्र दोन्हींत पहिला वर्ग. पीएचडीचं काम असं की पंचविशीतच जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ त्यांना नावाने ओळखू लागले. आणि मग ते लाहोरला परतले, १९५१ साली, शिकवायला.

पुढचा भाग प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. लाहोरच्या कॉलेजात संशोधनाची सोय नव्हती, नियतकालिकं येत नव्हती, बोलायला दुसरा सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ नव्हता. उरलेल्या वेळात काहीतरी कॉलेजचं काम करा म्हणून त्यांच्याकडे फुटबॉल क्लब सोपवला गेला. क्वांटम सिद्धांतातले अनंत आकडे काबूत आणणारा माणूस सामन्यांची वेळापत्रकं लावत होता. (निवडणुकीच्या याद्या आणि जनगणनेची कामं करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.) अशात एकदा बातमी आली की वोल्फगांग पाउली भारतात येऊन मुंबईला, होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये उतरले आहेत आणि त्यांना भेटायला बोलावत आहेत. पाउली म्हणजे त्या पिढीचे उस्ताद. सलाम उठले आणि मुंबईला गेले. परतल्यावर हातात नोटीस पडली: परवानगीशिवाय कामाची जागा सोडल्याबद्दल. शेवटी ते दिवस बिनपगारी रजेत बसवून प्रकरण मिटवलं गेलं.

फाळणीला पाचसहा वर्षंही झाली नव्हती. लाहोरच्या भौतिकशास्त्रज्ञाला आपल्या विषयावर बोलायला सगळ्यात जवळचं ठिकाण मुंबई होतं, आणि मुंबई आता परदेश होती.

१९५३ साली लाहोरात अहमदियांविरुद्ध दंगली झाल्या, मार्शल लॉ लावावा लागला. पुढच्या वर्षी सलाम केंब्रिजला परत गेले, १९५७ पासून लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजात प्राध्यापक झाले. पण लाहोरातला एकटेपणा ते विसरले नाहीत. देश सोडावा की विषय सोडावा, असा पेच गरीब देशातल्या हुशार माणसावर येऊ नये, हे त्यांच्या मनाने घेतलं. १९६० साली त्यांनी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेपुढे एका केंद्राची कल्पना मांडली. श्रीमंत देशांचा विरोध होता. इटलीने जागा आणि पैसा देऊ केला, आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये त्रिएस्तेत काम सुरू झालं. त्यातली 'असोसिएट' योजना मला फार आवडते. अट एकच: तुम्ही तुमच्या देशात राहून काम करत असलं पाहिजे. मग ठरावीक वर्षांत तीनदा, काही आठवडे ते तीन महिने, त्रिएस्तेला या. भाडं, राहणं, खाणं केंद्राचं. लायब्ररीत बसा, जगातल्या नामवंतांशी वाद घाला, आणि आपल्या विद्यार्थ्यांकडे परत जा. बिनपगारी रजेच्या नोटिशीला दिलेलं हे उत्तर होतं, असं मी समजते. आजवर लाखाहून अधिक वेळा शास्त्रज्ञ त्या दारातून आत गेले आहेत.

आता त्यांच्या कामाविषयी. मी भाषेची शिक्षिका, तेव्हा गणित टाळून सांगते.

निसर्गात चार मूलभूत बलं मानली जातात. गुरुत्वाकर्षण आपल्याला जमिनीवर ठेवतं. विद्युतचुंबकीय बलामुळे वीज, प्रकाश, चुंबक. तिसरं अणूच्या गाभ्यात प्रोटॉन-न्यूट्रॉन बांधून ठेवतं. चौथं म्हणजे दुर्बल बल. काही किरणोत्सारी पदार्थ ज्यामुळे विघटित होतात आणि सूर्यातली आग ज्याच्याशिवाय पेटलीच नसती, ते हे बल. विद्युतचुंबकीय बल कितीही दूर पोहोचतं, दुर्बल बल अणुगर्भाच्याही आतच संपतं. या दोघांत काही नातं असेल असं वरवर पाहता कुणी म्हणणार नाही. सलाम, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे अमेरिकेतले स्टीव्हन वाइनबर्ग, यांनी १९६७-६८ मध्ये दाखवलं की ही दोन बलं मुळात एकच आहेत. शेल्डन ग्लॅशो यांनी त्याआधी या वाटेवर पावलं टाकली होती. वाफ आणि बर्फ समोर ठेवले तर दोन वेगळ्या वस्तू दिसतात, तापमान बदललं की कळतं पाणी एकच. तसंच विश्व फार तापलेलं होतं तेव्हा ही बलं एक होती, थंड झाल्यावर वेगळी दिसू लागली.

हा सिद्धांत खरा असेल तर डब्ल्यू आणि झेड नावाचे जड कण असायला हवेत, आणि त्यांचं वजन किती हेही सिद्धांत सांगत होता. १९८३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ते सापडले, सांगितलेल्या वजनाच्या आसपास. नोबेल तर त्याआधीच, १९७९ मध्ये तिघांना मिळालं होतं. त्या समारंभाला सलाम शेरवानी, पगडी आणि पंजाबी जोडे घालून गेले. मेजवानीच्या भाषणात त्यांनी सूरह मुल्कमधल्या आयती ऐकवल्या.

थोडं मागे, १९७४ कडे येते. त्या वर्षी सलाम यांच्या आयुष्यात तीन गोष्टी घडल्या.

पहिली. ओडिशातल्या बारीपाद्याचे जोगेश पती यांच्याबरोबर ते आणखी पुढचं एकीकरण करत होते. प्रोटॉन ज्यांचा बनतो ते क्वार्क आणि इलेक्ट्रॉनसारखे हलके कण ही एकाच कुटुंबातली भावंडं आहेत, असं पती-सलाम प्रतिमान सांगतं. याचा एक भयंकर परिणाम निघत होता. भावंडं असतील तर एकाचं रूपांतर दुसऱ्यात होऊ शकतं, म्हणजे प्रोटॉन अमर नाही. सगळं जग ज्या कणांचं बनलं आहे तो कण कधीतरी मोडेल.

दुसरी. जॉन स्ट्रॅथडी यांच्यासोबत त्यांनी 'सुपरस्पेस' ही कल्पना मांडली. आपल्या ओळखीच्या दिशांना गणितातल्या आणखी काही अनोख्या दिशा जोडायच्या, म्हणजे दोन परस्परविरोधी स्वभावाचे कण एकाच चौकटीत बसतात. सुपरसिमेट्री म्हणतात ती हीच, आणि 'सुपरस्ट्रिंग' या शब्दातला 'सुपर' तिथूनच येतो.

तिसरी गोष्ट ७ सप्टेंबरची. पाकिस्तानच्या संसदेने घटनेची दुसरी दुरुस्ती मंजूर करून अहमदियांना गैरमुस्लिम ठरवलं. सलाम तेव्हा राष्ट्राध्यक्षांचे, नंतर पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार होते, १९६१ पासून. त्यांनी ते पद सोडलं. नागरिकत्व मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्यांना फरिश्ता करण्याचा माझा हेतू नाही. १९७२ च्या जानेवारीत भुत्तोंनी मुलतानला शास्त्रज्ञांची जी बैठक बोलावली आणि जिथे अणुबाँबचा मनसुबा बोलून दाखवला, तिथे सलाम हजर होते. हेही त्यांच्या चरित्रात आहे आणि भारतीय वाचकाने ते वाचावं.

सुपरस्ट्रिंग म्हणजे काय? आजवर आपण मूलकण म्हणजे ठिपका समजत आलो. स्ट्रिंग थिअरी म्हणते, ठिपका नाही, अतिसूक्ष्म तार आहे. एकाच तंबोऱ्याच्या तारेतून वेगवेगळे स्वर निघावेत तशी ती कंप पावते, आणि प्रत्येक कंपन आपल्याला वेगळा कण म्हणून दिसतं. यातलं एक कंपन नेमकं गुरुत्वाकर्षणाच्या कणासारखं वागतं. म्हणून लोक या सिद्धांताच्या मागे लागले, कारण सलाम-वाइनबर्ग यांच्या चौकटीत गुरुत्वाकर्षण बसतच नव्हतं. किंमत अशी मोजावी लागते की गणित जुळायला अवकाश-काळाच्या दहा मिती लागतात. आपल्याला दिसतात चारच. उरलेल्या गुंडाळलेल्या असाव्यात, असं मानतात.

तार ही एकाच दिशेला लांब. मग डफाच्या कातड्यासारखी पसरलेली, दोन दिशांची वस्तू का नसावी? हा प्रश्न विचारणाऱ्यांत सलाम यांची माणसं पुढे होती. तुर्कस्तानचे एर्गिन सेझगिन त्रिएस्तेत सलाम यांच्याबरोबर काम करत. त्यांनी एरिक बर्गशॉफ आणि पॉल टाउनसेंड यांच्यासोबत १९८७ मध्ये अकरा मितींतल्या अशा पडद्याचा सिद्धांत लिहिला. त्यावर वर्षानुवर्षं काम करत राहिलेले मायकेल डफ हे सलाम यांचे लंडनमधले विद्यार्थी. 'मेंब्रेन' या शब्दातून इंग्रजीत 'ब्रेन' हा तुकडा काढला गेला आणि दोनच नव्हे तर कितीही दिशांच्या पडद्याला ब्रेन म्हणू लागले. (मेंदूशी संबंध नाही. स्टाफरूममध्ये मी हे सांगायला घेतलं तेव्हा पहिली पाच मिनिटं त्यातच गेली.)

बरीच वर्षं तारवाले या पडदेवाल्यांकडे दुर्लक्ष करत होते. १९९५ मध्ये जोसेफ पोल्चिन्स्की यांनी दाखवलं की पडद्यांवाचून तारांचाही हिशोब पुरा होत नाही. तंबोऱ्याची तार हवेत वाजत नाही, एका बाजूला खुंटी आणि दुसऱ्या बाजूला घोडी लागते. तसं सुट्या तारेची टोकं जिथे टेकलेली असतात ती जागा म्हणजे डी-ब्रेन. आपलं सगळं विश्व अशा एखाद्या ब्रेनवर असेल, अशीही एक कल्पना पुढे आली. प्रकाश आणि पदार्थ सुट्या तारांचे, म्हणून ब्रेनला चिकटलेले. गुरुत्वाकर्षण बंद कडीच्या तारेचं, तिला टोकंच नाहीत, म्हणून ते ब्रेन सोडून बाहेर पसरतं आणि आपल्याला इतकं क्षीण वाटतं. कल्पना सुंदर आहे. सर्नच्या महायंत्रात मात्र तिच्या खुणा अजून दिसलेल्या नाहीत.

दाभोलकर इथे येतात. अतीश दाभोलकर आयआयटी कानपूरमधून १९८५ मध्ये बाहेर पडले, १९९० मध्ये प्रिन्स्टनची पीएचडी, १९९६ पासून मुंबईच्या टीआयएफआरमध्ये. कुलाब्याच्या टोकावरची ती संस्था त्या काळात स्ट्रिंग थिअरीचं जगातलं एक महत्त्वाचं ठिकाण झाली होती. या विषयाची जागतिक परिषद २००१ मध्ये मुंबईत भरली, स्टीफन हॉकिंग आले होते. पाउलींना भेटायला सलाम जिथे नियम मोडून आले होते, तीच ही संस्था.

दाभोलकरांचा विषय कृष्णविवरं. हॉकिंग आणि बेकेनस्टाइन यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं होतं की कृष्णविवराला एन्ट्रॉपी असते आणि ती त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते. एन्ट्रॉपी म्हणजे आत किती प्रकारच्या मांडण्या शक्य आहेत याची मोजदाद. पण मांडण्या कशाच्या? कृष्णविवराच्या आत आहे तरी काय? १९९६ मध्ये अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि तेहरानमध्ये जन्मलेले कुमरून वफा यांनी एका खास प्रकारच्या कृष्णविवरासाठी डी-ब्रेनच्या मांडण्या मोजल्या. आकडा क्षेत्रफळाच्या सूत्राशी तंतोतंत जुळला. दाभोलकर आणि त्यांचे सहकारी हा हिशोब आणखी बारीक करत गेले, क्षेत्रफळाच्या पुढच्या दुरुस्त्यांपर्यंत. २०१२ मध्ये समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांच्यासोबत लिहिलेल्या त्यांच्या प्रदीर्घ शोधनिबंधात ही मोजदाद रामानुजन यांच्या 'मॉक थीटा' फलनांशी जाऊन भिडते. रामानुजन यांनी ही फलनं मृत्यूच्या काही महिने आधी, १९२० मध्ये, हार्डींना लिहिलेल्या पत्रात कळवली होती. त्यांचा कृष्णविवराशी संबंध असेल, हे तेव्हा स्वप्नातही कुणाला शक्य नव्हतं. (गंमत म्हणजे स्ट्रिंग थिअरीला पर्याय म्हणून उभा असलेला 'लूप' सिद्धांत अभय अष्टेकरांचा, आणि अष्टेकर शिरपूरचे. कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्यांच्या छावणीनेही आपल्या पद्धतीने मोजली. दोन्ही बाजूंना मराठी माणूस आहे, वाद मराठी माणसाला शोभेल इतका जुना आहे.)

पण मला त्या खुर्चीबद्दल बोलायचं आहे. सलाम यांच्यानंतर त्रिएस्तेच्या केंद्राची धुरा सांभाळलेले कायम संचालक पाहा: अर्जेंटिनाचे मिगेल विरासोरो, भारताचे के. आर. श्रीनिवासन, ग्वाटेमालाचे फर्नांडो केवेदो, आणि आता दाभोलकर. ज्यांच्यासाठी हे दार बांधलं होतं, तेच एकामागून एक ते सांभाळत आले.

आणि अतीश यांचे वडील कोण? श्रीपाद दाभोलकर. गारगोटीत गणित शिकवता शिकवता त्यांनी शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला. तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी त्यातून काय करून दाखवलं, हे पश्चिम महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. आम्हा विदर्भवाल्यांना ते कमी माहीत आहे. पद्धत अशी होती की शेतकऱ्याने आपल्याच बागेत प्रयोग करायचा, नोंदी ठेवायच्या, इतरांशी भेटून-पत्रांतून बोलायचं, आणि पुन्हा आपल्या मातीकडे जायचं. ज्ञानासाठी गाव सोडायचं नाही. सलाम यांची असोसिएट योजना याहून वेगळं काय सांगते? एकाने द्राक्षांसाठी केलं, दुसऱ्याने क्वार्कसाठी. दोघांची कधी भेट झाली असेल-नसेल, विचार एकाच जातीचा आहे.

काकांबद्दल मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. हमीद दलवाईंवरच्या प्रेमापोटी त्यांनी मुलाचं नाव हमीद ठेवलं होतं. दलवाईंशी आपले कितीही मतभेद असोत, हे लक्षात असू द्यावं.

सलाम यांच्यावर कुणी गोळी झाडली नाही. त्यांच्या बाबतीत काम सावकाश झालं. नोबेलनंतर ते पाकिस्तानात गेले तेव्हा इस्लामाबादच्या विद्यापीठात त्यांचं व्याख्यान होऊ शकलं नाही, विद्यार्थी संघटनेने धमकी दिली होती. २१ नोव्हेंबर १९९६ रोजी ऑक्सफर्डमध्ये ते गेले. दफन पाकिस्तानात, रबवा इथे झालं. कबरीवरच्या दगडावर नोबेल मिळवणारा पहिला मुसलमान अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोरले होते. त्यातला 'मुसलमान' हा शब्द सरकारी हुकमाने पुसण्यात आला. उरलेलं वाक्य वाचलं तर अर्थ निघतो, नोबेल मिळवणारा पहिला माणूस. दगडावर खोटं लिहिलेलं चाललं, तो शब्द चालला नाही.

भारताने त्यांना कसं वागवलं? १९८१ साली ते इथे आले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने मानद पदवी दिली, बनारस हिंदू विद्यापीठाने दिली आणि अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठानेही दिली, तिन्ही एकाच वर्षी. आणि त्यांनी गांगुली सर शोधून काढले. फाळणीनंतर लाहोर सोडून आलेले, कलकत्त्यात म्हातारे, आजारी. सलाम त्यांच्या घरी गेले, नोबेलचं पदक त्यांच्यापुढे ठेवलं आणि हे तुमच्या शिकवण्याचं फळ आहे असं म्हणाले. पस्तीस वर्षांनी, सरहद्दीपलीकडून येऊन. एका हिंदू शिक्षकाने एका अहमदिया मुलाला लाहोरात मनापासून गणित शिकवलं होतं, तेव्हा वर्गात कुणी कुणाचा अकीदा विचारत नसे.

सलाम नमाजी होते, कुराण त्यांच्या जवळ असे. तरीही परवेझ हूदभॉय यांच्या इस्लाम आणि विज्ञानावरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना त्यांनी स्पष्ट म्हटलं की विज्ञान एकच असतं. त्याला इस्लामी, हिंदू, यहुदी असा प्रकार नसतो. आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर रोज एक तरी संदेश येतो की ब्लॅक होल, बिग बँग सगळं चौदाशे वर्षांपूर्वीच लिहिलेलं होतं. शेजारच्या गटावर तेच वेदांबद्दल फिरत असतं. ते पाठवणाऱ्यांना माझा प्रश्न इतकाच असतो की मग डब्ल्यू कणाचं वजन किती? सलाम यांची श्रद्धा पक्की होती म्हणून त्यांना तिच्यासाठी असले पुरावे लागत नव्हते. आणि आपल्या सिद्धांताला मात्र ते पुराव्याच्या तराजूत बिनधास्त टाकत.

त्यासाठी आपल्या देशात खूप खोल जावं लागलं. कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत टीआयएफआरचे शास्त्रज्ञ साठच्या दशकापासून प्रयोग करत होते, वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो १९६५ मध्ये तिथे टिपले गेले होते. १९८० मध्ये त्याच खाणीत, सुमारे सव्वादोन किलोमीटर खोलीवर, जपानी सहकाऱ्यांसह १४० टनांचं लोखंडी यंत्र बसवलं गेलं. काम एकच, प्रोटॉन मरतो का ते पाहणं. पती-सलाम आणि त्यांच्यामागून आलेले इतर एकीकरणाचे सिद्धांत तपासायला इतक्या मोठ्या आकाराचं खास यंत्र उभारणाऱ्या जगातल्या पहिल्या मंडळींत आपली माणसं होती. प्रोटॉन मरतानाच्या वाटाव्यात अशा काही नोंदी मिळाल्याही, पण इतर देशांतल्या प्रयोगांनी दुजोरा दिला नाही. नंतर खाण बंद होत गेली आणि प्रयोगही थांबला.

१९९६ मध्ये, सलाम गेले त्याच वर्षी, जपानमध्ये कामिओका इथल्या डोंगराखाली पन्नास हजार टन शुद्ध पाण्याची टाकी सुरू झाली. आत सगळीकडे प्रकाश टिपणारे काचेचे फुगे. पाण्यातला एक जरी प्रोटॉन मोडला तरी त्याची निळसर चमक दिसावी अशी व्यवस्था. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं. त्या टाकीने आतापर्यंत एवढं सांगितलं आहे की प्रोटॉनचं सरासरी आयुष्य एकावर चौतीस शून्यं इतक्या वर्षांहून जास्त आहे. शेजारी आता याहून कितीतरी मोठी टाकी बांधली जात आहे. अजून एकही प्रोटॉन मेलेला सापडलेला नाही.